तिसऱ्या हाकेच्या आधी

करंजा बंदरातल्या माझ्या सासरच्या घरात कुणाला बोलवायचं तर तीन हाका मारायच्या, आणि आपल्याला कुणी बोलावलं तर तिसरी हाक ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मी चुलीपाशी होते, सासूबाई ओटीवर वाळलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. त्यांनी ‘वंदे’ म्हणून आवाज दिला आणि मी, पनवेलात वाढलेली गुणी मुलगी, ‘आले हं’ करत पदर सावरत धावले. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. ‘मी एकदाच मारली न हाक? मग लगेच ओ कशाला दिलीस? मीच हाय ते तुला काय ठावं?’ मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. जे माणूस नसतं तेही हाक मारतं, अगदी ओळखीच्या आवाजात मारतं, पण एकदाच. फार तर दोनदा. तिसरी हाक मारणं त्याला जमत नाही. आणि आपण ओ दिली की आपण त्याचे झालो. दर्यावर पोट असलेल्या त्या घरात हे कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नसे, हातपाय धुऊन जेवायला बसावं तितकं ते अंगवळणी पडलेलं होतं. पुढे मोबाइल आला तेव्हा सासूबाईंनी तोच कायदा त्यालाही लावला. एकदा वाजू द्यायचा, दुसऱ्यांदा वाजू द्यायचा, तिसऱ्यांदा उचलायचा आणि ‘कोन?’ म्हणून असं खेकसायचं की पलीकडे कुणीही असो, त्याची बोबडी वळावी. लोन घ्या म्हणून गळ घालणाऱ्या किती पोरी त्या एका ‘कोन’वर गारद झाल्या असतील, देव जाणे.

ते घर मला आवडायचं, हे आज मोकळेपणाने लिहिते, कारण तेव्हा माहेरच्यांसमोर मी नाकं मुरडायची. अंगणात बोंबील वाळत घातलेले, त्यांच्यावर नजर ठेवून बसलेली मांजरं, पहाटे बंदराकडून येणारी बोटींच्या इंजिनांची टकटक, आणि सासूबाईंच्या हातची तांदळाची भाकरी, जी तव्यावर फुगली की त्या तिला ‘बस, कळली तुझी ऐट’ असं म्हणत. मासळीच्या लिलावात त्यांची बोली पार पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जायची. माझा नवरा नरेश त्यांच्या अगदी उलट. कमी बोलायचा, आणि बोलला तरी अर्धं वाक्य हसण्यातच जायचं. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, आपली बोट घ्यायची स्वप्नं पाहायचा. जुई झाली तेव्हा मी बाळंतपणाला पनवेलला माहेरी होते. तो तिला बघायला आला, हात धुऊन, पुन्हा धुऊन, तरी मासळीचा वास जात नाही म्हणून तिला उचलायला तयार होईना. नुसता पाळण्यावर वाकला आणि म्हणाला, ‘ए बाऽऽय.’ असा लांबवून, शेवटी आवाज थोडा वर नेऊन, जणू ती खूप लांब उभी आहे. तिकडे लेकीबाळींना बायच म्हणतात. तिचं नाव काय ठेवायचं ते बारशाला ठरवू म्हणाला आणि बोटीवर गेला.

बोट परत आली, तो आला नाही. वादळ नव्हतं, वारासुद्धा नव्हता. पहाटे जाळं ओढायला म्हणून बाकीचे खलाशी त्याला उठवायला गेले तर अंथरूण मोकळं, उशाशी चपला तशाच. एवढंच. त्यापुढे कुणालाच काही सांगता आलं नाही, आणि सापडलंही काही नाही. पोलीस झाले, पाणबुडे झाले, देवाला कौल लावून झाले. सासूबाई एकच शब्द बोलायच्या, ‘येल.’ येईल. सुतक धरलं नाही, दिवस केले नाहीत, माझं मंगळसूत्र गळ्यातच राहिलं. त्या रडल्या नाहीत म्हणून मलाही रडायची सोय नव्हती. जो येणार आहे त्याच्यासाठी कसं रडायचं? बारसंही तो आल्यावरच करायचं होतं. त्यामुळे माझी मुलगी वर्ष उलटलं तरी बिननावाची, सगळ्यांची नुसती बाय. शेवटी लस टोचायला नेलं तेव्हा नर्सने पेन उचलून नाव विचारलं आणि माझ्या तोंडून एकदम ‘जुई’ असं निघालं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला न विचारता?’ त्यानंतर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

काही दिवसांनी मी जुईला घेऊन सुकापूरला भाड्याच्या जागेत राहायला आले. भांडून नाही. पोट भरायला हवं होतं आणि मला पडदे शिवता येत होते. सुकापुरात तेव्हा भाताच्या खाचरांतून इमारती वर येत होत्या, आणि प्रत्येक नव्या घराला पहिल्या दिवशी गॅसच्या आधी पडदे लागतात, हे मी छातीठोकपणे सांगते. आमची जागा सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. खालचा फ्लॅट विकलाच गेला नव्हता, त्याला दारसुद्धा बसवलेलं नव्हतं. आजूबाजूला अर्धवट इमारतींचे सांगाडे, त्यांची खिडक्यांची चौकोनी भोकं आणि त्यांच्यामागे लांबवर प्रबळचा डोंगर. मी दिवसभर मशीन चालवायची, जुई पडद्यांच्या चिंध्यांत खेळायची. कडी लावून, ग्रिल लावून. पाण्यापासून लांब, गच्चीपासून लांब, रस्त्यापासून लांब. मी पोरीला जपत होते असं मला वाटायचं. खरं तर आम्ही दोघी त्या बंद घरात नरेशची वाट पाहत होतो आणि पोरीला त्याचा पत्ताही नव्हता. ‘बाबा कुठे?’ म्हणून तिने विचारलं की मी ‘बोटीवर’ म्हणायचे. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

तंबू आला तो एका गिऱ्हाइकाच्या बाल्कनीतून. त्या बाईंची बदली झाली होती, सामान कमी करायचं होतं. त्यांनी तो नारिंगी गुंडाळा मला असाच देऊन टाकला. जुईने तो उलगडला, आत शिरली आणि म्हणाली, ‘मम्मी, कापडाचं घर! हे कुठेपण नेता येतं?’ मी म्हटलं, येतं. ‘मग नेऊ या.’ पाच वर्षांचं पोर ते, त्याला वाटलं, नेणं म्हणजे उचलून न्यायचं. पण माझ्या मनात ते शब्द रुतून बसले. मी आयुष्यात एक रात्रसुद्धा कुणाला न विचारता घराबाहेर काढली नव्हती. आईवडिलांना विचारून, मग नवऱ्याला, मग सासूबाईंना. सव्वीस वर्षांची घोडी, एका लेकराची आई, पण मोठी व्हायची राहून गेलेली. प्रबळच्या पायथ्याच्या वाडीत लोक आपल्या अंगणात तंबू लावू देतात, जेवायला पिठलंभाकरी देतात, असं ऐकलं होतं. दिवाळीनंतरचा शनिवार ठरवला. फक्त आम्ही दोघी. ठरवलं आणि लगेच घाबरले, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही.

मग तयारी. तंबूचं वरचं कापड एका बाजूने उसवलं होतं, ते मी पडद्याच्या जाड अस्तराचा तुकडा लावून दुहेरी टीप मारून शिवलं. टॉर्च, ओडोमॉस, जुईचा जुना स्वेटर, क्रोसिनची बाटली, आणि तिला रात्री ‘शू’ला उठवायचं कसं याचा विचार. पण खरी तयारी जुईची होती. ती माझा हात छातीशी धरल्याशिवाय झोपत नसे, तिला नव्या जागेची सवय करायला हवी होती. म्हणून मी सोफा भिंतीला सरकवून तंबू हॉलमध्येच उभारला आणि दुपारची झोप त्यातच काढायची असं ठरवलं. पहिल्या दुपारी ती गुपचूप झोपली. दुसऱ्या दुपारी मी मशीनवर बसले होते, कुकरची शिट्टी होऊन गेली होती, आणि तंबूतून खणखणीत आवाज आला, ‘ओ!’

‘मी नाही हाक मारली गं,’ मी म्हटलं.

‘तू नाही. खालून मारली.’

डोकावले तर ती पालथी पडलेली, कान तंबूच्या तळाला लावलेला, डोळे टक्क उघडे. मला वाटलं, खालच्या मोकळ्या फ्लॅटमध्ये मजूर असतील. तिला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच सुमाराला. ‘ओ!’ या वेळी मी हातातलं कापड तसंच टाकून जिना उतरले. खालच्या घरात चिटपाखरू नव्हतं. सिमेंटची फाटकी पोती, एक मोडकं घमेलं, आणि भिंतींना फुटलेला लोणा. नव्या भिंतींना फुटतोच तो, सगळ्या इमारतीत फुटला होता. पण त्या खोलीत तो इतका होता की भिंतीवर पांढरं पीठ फासल्यासारखं दिसत होतं, आणि श्वास घेतला की जिभेवर खारट चव येत होती. मी उलट्या पावली वर आले. दाराला कडी घातली आणि मग स्वतःवरच चिडले, कारण कडी घालून काय होणार होतं?

मी घाबरट असले तरी वेडी नाही. म्हटलं, खालच्या रिकाम्या घरात आवाज घुमत असतील, रस्त्यावरचं काही ऐकू येत असेल. तंबू उचलून गच्चीवर लावला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. गच्चीच्या खाली आमचंच घर होतं आणि त्याला मी बाहेरून कुलूप लावलं होतं. तिथून कोण हाक मारणार? इमारतीचा पंप बंद झाला, टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. जुई आत चिंध्यांची बाहुली झोपवत होती. मी बाहेर दोऱ्या ताणत होते. तिने बाहुली खाली ठेवली, मान किंचित तिरकी केली, आणि हसून म्हणाली, ‘ओ!’ ते हसू मला आजही दिसतं. भीती नव्हती त्यात. ओळख होती. आपल्याच कुलूपबंद घरातून आपल्याच पोरीला कुणीतरी बोलावतंय आणि ती लाजून ओ देतेय, हे तिथे उन्हात उभं राहून पाहताना माझ्या हातातली दोरी कधी सुटली ते मला कळलं नाही. जुईला यातलं आता काहीही आठवत नाही. ती म्हणते, मम्मी, तू रंगवून सांगतेस. असेल. वयाप्रमाणे रंग चढत असतीलही, पण ते हसू मी रंगवलेलं नाही.

सासूबाई त्याच आठवड्यात आल्या. येताना नेहमीप्रमाणे सुकटीची पिशवी, सोडे, आणि फडक्यात बांधलेले दोन कोळसे. मासळी घेऊन तिन्हीसांजेला बाहेर पडायचं तर डब्यात कोळसा ठेवायचा, नाहीतर वासावर काहीबाही मागे लागतं. आणि सुकापूरच्या गॅसच्या शेगड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून कोळसे करंज्याहून. आम्ही बाहेर राहायला जातोय हे त्यांना मी फोनवर सांगितलं होतं आणि त्यांनी फोन ठेवून दिला होता. म्हणजे त्या भांडायलाच आल्या होत्या. पण भांडण सुरू व्हायच्या आधीच जुईने त्यांच्या मांडीवर चढून सांगून टाकलं, ‘आजी, मला तंबूत कुणीतरी हाक मारतं.’

सासूबाईंचा हात तिच्या केसांवरून फिरत होता, तो थांबला. ‘किती वेला?’

‘एकदाच.’

‘न तू काय करतंस?’

‘मी ओ देते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग अगदी हळू आवाजात तिला विचारलं, ‘जुई म्हनून मारतं?’

‘नाही. त्याला माझं नाव माहीतच नाही,’ जुई म्हणाली, जणू हे उघडच होतं. ‘तो म्हणतो, ए बाऽऽय.’

लांबवून. शेवटी आवाज थोडा वर नेऊन. मी ओट्याला धरून उभी राहिले. तो आवाज मी पाळण्याशेजारी खाटेवर पडून ऐकला होता; सासूबाई त्या वेळी तिथे नव्हत्या, पण मुलाचा आवाज आईला काय ओळखावा लागतो! तिकडे सगळेच पुरुष लेकींना तसं बोलावतात, हेही खरं आहे, आणि पोरगी करंज्याला जायची-यायची, तिने तो कुठेतरी ऐकला असेल, हेही खरं आहे. मी हे सगळं स्वतःला भराभर सांगितलं. एकही गोष्ट पटली नाही. आणि लिहायची तर पूर्ण गोष्ट लिहावी: भीतीच्या खाली मला रागही आला होता. जिला त्याने एकदाच पाहिलं, उचललंसुद्धा नाही, तिला तो हाक मारतो. आणि मी पाच वर्षं उशाला त्याचा शर्ट घेऊन झोपते, मला एकदाही नाही?

‘पोर कुठं जानार नाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘घेऊन जाल त्या रानात, न तो तिला न्यायला बसलाय.’

‘तो?’ मी म्हटलं. ‘तुम्ही तर म्हणता तो येणार आहे. येणारा माणूस लेकीला अशी हाक मारतो?’

पाच वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, आज रानात नको, उद्या शाळेत नको, परवा पाण्यावर नको. हिला कुठे ठेवू, पेटीत? हिचं नाव ठेवायला दीड वर्ष लागलं, हिचं जगणंपण त्याला विचारून सुरू करायचं का? सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकऱ्या थापू लागल्या. थापटण्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला. इतक्या भाकऱ्या आम्हा तिघींना चार दिवस पुरल्या असत्या. मी बोलले खरी, पण त्यांचं बरोबर असेल तर? मी हट्टाने नेलं आणि रानात पोर त्या हाकेमागे चालू लागली तर? त्या रात्री मी जुईच्या फ्रॉकची बाही मुठीत धरून झोपले आणि सकाळी उठले ती जायचं रद्द करायचं असं ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या आदल्या दुपारी, ऊन उतरल्यावर मी तंबू गुंडाळून ठेवायला गच्चीवर निघाले. जुई पुढे धावत गेली. मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘काढू नको तो. मना बगू दे.’ एकेका पायरीवर दम घेत, गुडघा धरत त्या वर आल्या. तंबूकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, बाजारात पापलेट निरखावं तसं, चारी बाजूंनी. मग चपला बाहेर काढून, पदर कमरेला खोचून रांगत आत शिरल्या. ती अवजड बाई त्या कापडात शिरताना सगळा तंबू हलला आणि एरवी मला हसू फुटलं असतं. जुई त्यांच्या मांडीला टेकून बसली. मी बाहेर टाकीला पाठ लावून उभी राहिले. पश्चिमेकडून ऊन येत होतं आणि नारिंगी कापडावर त्या दोघींच्या सावल्या पडल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. पंप बंद झाला. पाणी पडायचं थांबलं.

मला काहीही ऐकू आलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण लोक मला तेच विचारतात. समोरच्या अर्धवट इमारतीतले मजूर गेले होते, रस्त्यावर एखादी रिक्षा असेल, लांबून मालगाडीचा आवाज येत असेल, पण त्या क्षणी माझ्या कानांत काहीच शिरलं नाही. फक्त छोटी सावली हलली. जुईने मान तिरकी केली, तोंड उघडलं. आणि मोठ्या सावलीचा हात तिच्या तोंडावर गेला.

‘ओ,’ सासूबाई म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदा, पहिल्या हाकेला. आतून त्यांचं बोलणं येत होतं, एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तापलेल्या पोराशी बोलावं तसं.

‘हाय मी हितं. आयकते. पोरीला बोलावू नको रे. ती ल्हान हाय, तिला तुझी वलख नाय. तिला जायचंय, खेलायचंय. तुला कोनी पायजे न, मना मार हाक. आये म्हन. मी येते. तू म्हनशील तवा येते. तिला सोड.’

आता मोठी सावली पुढे-मागे झुलत होती, मांडीवर मूल असल्यासारखी. एकाएकी जुईने त्यांचा हात झिडकारला आणि भोकाड पसरलं. ‘ती माझी हाक होती! आजीने माझी हाक घेतली!’

‘व्हती तुझी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आता माझी.’

जुई रडत बाहेर आली आणि माझ्या पायांना बिलगली. कुणीतरी खाऊ हिसकावून घ्यावा तसं तिचं रडं होतं. मी तिला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं, कारण मलाही रडू येत होतं आणि ते सासूबाईंना दिसू द्यायचं नव्हतं. त्या रांगत बाहेर आल्या, निऱ्या झटकल्या, चपला पायांत सरकवल्या. ‘जा तुमी उद्या,’ म्हणाल्या. ‘सुकटीच्या डब्यात कोलसा ठेवलाय, काढू नको.’ आणि जिना उतरून गेल्या. खाली आले तर त्या जुईच्या स्वेटरचं बटण लावत बसल्या होत्या, जणू गच्चीवर नुसतं वाळवण बघून आल्या होत्या.

शनिवारी आम्ही गेलो. टमटममध्ये जुई फुगून बसली होती, आजीवरचा राग गेला नव्हता. वाडीत पोचल्यावर मात्र कोंबड्या दिसल्या, बकरीचं पिल्लू दिसलं आणि ती सगळं विसरली. तंबू मी एकटीने उभा केला, चुकत माकत, दोनदा कोसळवून. तिने भाकरी आणि सुकट बोटं चाटून खाल्ली, अंधार पडल्यावर तंबूत शिरली, जमिनीला कान लावून थोडा वेळ पडून राहिली, आणि म्हणाली, ‘इथे कुणी नाही.’ मग माझा हात न धरताच झोपली. मी जागी होते. सासूबाईंना काय झालं असेल या काळजीने जागी होते, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण मी कान देऊनही पडले होते. एकदा, फक्त एकदा, माझं नाव. मी पण पहिल्या हाकेला ओ दिली असती. वाऱ्याने कापड फडफडत होतं, रातकिडे ओरडत होते, आणि उजाडलं.

दुपारी घरी पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. आमचं दार कधीच उघडं नसायचं. हॉल झाडून पुसून लख्ख, सोफा जागेवर, फ्रिज रिकामा करून त्याचं दार फटीत कापड घालून उघडं ठेवलेलं. ओट्यावर सुकटीच्या पुड्या बांधून ओळीने मांडल्या होत्या, शेजारणीची वेगळी, माझ्या भावाची वेगळी. आणि दारासमोर खुर्चीवर सासूबाई. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, केस विंचरून बांधलेले, पायांत चपला, मांडीवर पिशवी. कान मोकळे होते. कुड्या काढून रुमालात बांधून त्यांनी देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या, जुईसाठी. मी उंबऱ्यातच थांबले. मी पोरीच्या एका रात्रीची तयारी पंधरा दिवस केली होती. या बाईने आपल्या जाण्याची तयारी एका रात्रीत केली होती.

‘आई,’ मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल, रात्रभर मिटले नव्हते. कुणी बोलावून, तासन्‌तास ताटकळत ठेवून, आलंच नाही म्हणजे जसा चेहरा होतो तसा तो झाला होता.

‘रातभर बसले,’ त्या म्हणाल्या. ‘दार उघडं ठेवलं. त्याला बरं पडावं म्हनून. एकदापन नाय मारली हाक. मी लगेच ओ देनार व्हते गं.’

मी त्यांच्या पायांशी बसले, मांडीवरची पिशवी काढून बाजूला ठेवली. पिशवीत काही फार नव्हतं, एक पातळ आणि पानाची चंची. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘नाय येत तो आता, वंदे.’

आणि त्या रडल्या. मी मांडीत डोकं घातलं आणि मीही रडले, नवरा गेल्यावर बायको रडते तशी, पाच वर्षं उशिरा, मोठ्याने, उघड्या दारात, शेजारचे बघताहेत की नाही याची पर्वा न करता. किती वेळ ते सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा जुई अजून बूट न काढता तिथेच उभी होती, हातात वाडीतून आणलेलं कोंबडीचं पीस घेऊन, आमच्याकडे आळीपाळीने पाहत. मग ती पुढे आली, आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘माझ्या बाबांचं काय झालं?’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघींनी तिला सांगितलं.